दोन टोले

ताई : दाराला हात लावू नकोस. कडी मी मुद्दाम बाहेरून लावली आहे.

बारक्या : आणि भुवईवर हे काय?

ताई : टाके.

बारक्या : टाके आहेत ते दिसतंय मला. फोनवर म्हणालीस, न्हाणीघरात पाय घसरला.

ताई : मग काय सांगू फोनवर? शेजारीण समोर बसली होती. बापानं मारलं म्हणू? आपलेच दात, आपलेच ओठ.

बारक्या : कशानं मारलं?

ताई : सांडशीनं. स्वयंपाकघरातली नाही, भट्टीतली, लांब दांड्याची. मी खाली बसून त्यांच्या पायात मोजे घालत होते. एक घालून झाला होता, दुसरा हातात होता. वर बघितलं तोवर सांडशी खाली आलीच होती. डोळ्यात रक्त गेलं, मग पुढचं काही दिसेना.

बारक्या : पण सांडशी त्यांच्या हाती आली कुठून? भट्टीतली सगळी हत्यारं मी उचलून नेली होती.

ताई : गादीखालून. तू टेम्पो घेऊन आलास, घण नेलास, हातोडे नेलेस, ऐरण नेलीस. साऱ्या जन्माचा लोहार आहे रे तो. त्याच्या घरातलं लोखंड एका टेम्पोत मावतं होय?

बाबा : कोण आहे बाहेर? दार उघडा. निखारे विझायला लागलेत.

बारक्या : कसले निखारे?

ताई : कसले नाहीत. भट्टी बंद होऊन किती काळ लोटला. तू उत्तर देऊ नकोस. आवाज ऐकला की जास्त चवताळतात.

बाबा : चोरांनो, दार उघडा म्हणतो ना. एकेकाची टाळकी फोडीन.

ताई : बघ, आता खांदा मारतील. आली बघ धडक. बिजागरी तुझ्या हातची आहे म्हणून टिकली. माझ्या हातांचं तसं नाही. हा दंड बघ. हे त्यांचे दात आहेत. खालचे चार उरलेत, ते चारही वापरले.

बारक्या : ताई, हे काय करून घेतलंयस तू?

ताई : मी करून घेतलं? वा. आधी ते चष्मा विसरायचे, मग घरचा रस्ता विसरायला लागले, मग मला. त्यात मी काय करून घेतलं ते सांग.

बारक्या : मला बोलवायचं ना.

ताई : तू येतोस, दारात उभा राहतोस, जेवले का विचारतोस, गोळ्यांचं पाकीट ठेवतोस आणि निघतोस. जाताना मलाच सांगतोस की चिडायचं नाही, प्रेमानं घ्यायचं. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं. बस जरा. पण वाकडा का उभा आहेस? कमरेला पट्टा कसला?

बारक्या : काही नाही. पाठ धरली आहे.

ताई : कशानं?

बारक्या : असंच. कामानं. ते जाऊ दे. ऐक, मी गाडी बोलावली आहे.

ताई : कसली गाडी?

बारक्या : संस्थेची. म्हाताऱ्यांना सांभाळतात ते. थोड्या वेळात येतीलच. दोन माणसं असतात, त्यांना सवय असते. आपण फक्त त्यांचे कपडे भरायचे.

ताई : मला न विचारता?

बारक्या : तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.

ताई : ऐरणीच्या वेळीही हेच. मी बाजारातून आले तर भट्टीच्या खोलीत नुसती मोकळी जागा. ऐरणीच्या ठोकळ्याखालची माती तेवढी दबलेली. मला वाटलं, खरोखर चोरी झाली.

बारक्या : पायावर पाडून घेतली असती त्यांनी.

ताई : इतकी वर्षं नाही पाडली ती. संस्थेत मी जाऊन आले आहे, तुला माहीत नाही. दारातूनच बघितलं. चकचकीत आहे सगळं, वासही नाही कसला. एकेकाचे हात पलंगाला बांधलेले. मी विचारलं, तर म्हणाले, पट्टा मऊ असतो. मऊ असला म्हणून काय, बांधलेलाच की.

बारक्या : मग काय करायचं? एक दिवस ते तुला ठार मारतील. मी बातमी ऐकायला येऊ?

ताई : त्यांनी मारायच्या आधी मीच त्यांना मारीन.

बारक्या : काहीही बोलू नकोस.

ताई : येताना खिडकीतून डोकावलास ना आत? कपाळ बघितलंस त्यांचं?

बारक्या : बघितलं. काळंनिळं झालंय. दारावर आपटून घेतात, दुसरं काय.

ताई : दारावर नाही. भिंतीवर. आणि त्यांनी नाही आपटलं.

बारक्या : मग?

ताई : मी आपटलं.

बारक्या : ताई.

ताई : ऐक आता, तोंड फिरवू नकोस. मोज्याच्या वेळीच. रक्त पुसलं, सांडशी हिसकावली, लांब फेकली. तिथं संपायला हवं होतं. मी त्यांचे केस धरले. किती मऊ झालेत रे ते केस, तान्ह्या मुलाचे असावेत तसे. ते धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं. एकदा आपटल्यावर कुणीही थांबेल. मी नाही थांबले.

बारक्या : बास.

ताई : तू वेल्डिंगला गेलास, गेटं नि ग्रिलं करायला लागलास, त्यानंतर बाबांच्या समोर घण कुणी मारला? मीच ना? गाव हसायचं, लोहाराची पोरगी घण मारते म्हणून. हे हात त्यातले आहेत. ह्या हातांनी मी एका म्हाताऱ्याचं डोकं आपटत होते आणि तो ओरडत नव्हता. नुसता बघत होता माझ्याकडे.

बारक्या : मग थांबलीस कशी?

ताई : दमले. दया आली म्हणून नव्हे. हात दमले. त्यानंतर मी ह्या स्टुलावर बसून राहिले आणि मनात काय आलं सांगू? आलं की अजून थोडा जोर असता तर सुटलो असतो. ते आणि मी, दोघंही. मरावेत असं वाटतं रे मला. भांडी घासताना वाटतं, कपडे वाळत घालताना वाटतं. मग त्यांना घास भरवायला बसते आणि त्यांनी तोंड उघडलं की आनंद होतो. अशी मी झाले आहे.

बारक्या : म्हणूनच तर म्हणतोय. गाडी येऊ दे. तुझ्यासाठी तरी येऊ दे.

ताई : आधी ऐरण आण.

बारक्या : ऐरणीचं काय घेऊन बसलीस? डोकं बिघडलेला माणूस ऐरणीनं बरा होतो?

ताई : बरा होत नाही. थांबतो. दोन टोल्यांचं आठवतंय का तुला?

बारक्या : ते कसं विसरेन.

ताई : सांग बघू.

बारक्या : परीक्षा घेतेस काय? लोहार हातोड्यानं जागा दाखवणार, घणकऱ्यानं तिथंच घण घालायचा. लोहारानं मोकळ्या ऐरणीवर दोन टोले दिले की थांबायचं. घण डोक्यावर असला तरी बाजूला घ्यायचा, लोखंडावर आणायचा नाही. एकदा मी नाही थांबलो तर कानाखाली जाळ काढला होता त्यांनी. म्हणाले, माझा हात असतो आत.

ताई : बरोबर. आता ऐक. त्यांचा झटका सुरू झाला, ताटं भिरकावायला लागले, माझ्या अंगावर यायला लागले, की मी पळत भट्टीच्या खोलीत जायचे आणि ऐरणीवर हातोड्यानं दोनदा ठोकायचे. टक, टक. जागच्या जागी थांबायचे ते. हातातलं खाली ठेवायचे, हात विजारीला पुसायचे आणि भिंतीकडे जाऊन उभे राहायचे. आजोबांच्या हाताखाली पोरवयात घण मारला ना त्यांनी, तो पोरगाच व्हायचे. मी म्हणायचे, चल, जेवून घे. की यायचे.

बारक्या : हे मला कधी सांगितलं नाहीस.

ताई : तू कधी विचारलंस? शेजाऱ्यांनी तुझ्याकडे कागाळी केली की म्हातारा वेळी-अवेळी ठोकतो. तू ऐकलंस नि टेम्पो काढलास. ठोकत मी होते, बारक्या.

बारक्या : मग दुसऱ्या कशावर तरी ठोकायचं. पातेलं, पहार, काहीही.

ताई : सगळं करून झालं. पातेल्यावर ठोकलं तर म्हणाले, चहा झाला का? पातेलं ते पातेलं. ऐरणीचा आवाज त्यांच्या हाडात गेलाय, तो दुसऱ्या कशात नाही. आणि ती गेल्यापासून एकच घोकतात, चोर आला, ऐरण नेली. जो समोर येईल तो चोर. मी मोजे घालायला बसले तर मीही चोर. डोकं गेलंय म्हणतो आपण, पण एवढं एक काही खोटं नाही बोलत ते.

बारक्या : मी भल्यासाठी केलं.

ताई : माहीत आहे. म्हणून तर शिव्या देता येत नाहीत तुला. नाहीतर कधीच दिल्या असत्या.

बारक्या : ताई.

ताई : काय?

बारक्या : आवाज बंद झाला.

ताई : थांब. बाबा? बाबा, झोपलात का? बाबा, बोला काहीतरी.

बारक्या : पडले असतील. सरक, कडी काढतो.

ताई : एकटा जाऊ नकोस. ते दाराआड उभे राहतात. बारक्या, आधी पाय घाल, डोकं नको—

बाबा : सापडला. चोर सापडला.

बारक्या : आई गं. कान. कानावर मारलं.

ताई : पडद्याचा दांडा काढलाय त्यांनी. बाबा, सोडा तो, तो बारक्या आहे.

बाबा : ऐरण कुठंय माझी? कुणाला विकलीस? बोल.

बारक्या : दांडा द्या इकडे. बाबा, द्या म्हणतो.

बाबा : हा घे.

बारक्या : पाठीवर नको, पाठ आधीच— बाबा. बाबा, मी आहे. तुमचा मुलगा.

बाबा : मला मुलगा नाही. असता तर ऐरण गेली असती?

ताई : बारक्या, तू बाहेर ये. मी बघते त्यांच्याकडे. बाबा, इकडे बघा, माझ्याकडे.

बाबा : ही त्याची बाई. हिनंच दार दाखवलं.

ताई : हात सोडा, पिरगळू नका, बाबा, मोडेल तो—

बारक्या : सोड तिला. सोड म्हणतो ना. म्हाताऱ्या, सोड.

ताई : सुटला हात, सुटला. झालं. आता तू सोड त्यांना.

बारक्या : हिला मारतोस? तुझं गू-मूत काढते ही. हिनं लग्न केलं नाही तुझ्यापायी. हिला मारतोस तू?

ताई : बारक्या, गळ्यावरचा हात काढ.

बारक्या : चोर म्हणतोस मला? तुझ्या हाताखाली तळहात सोलवटले माझे. कधी एकदा बरं म्हणालास? एकदा? आणि आता मुलगा नाही म्हणतोस.

ताई : त्यांचा चेहरा बघ, काळा पडतोय. हात काढ. मी ओढू शकत नाही तुला, माझं मनगट गेलंय. बारक्या, अरे मरतील ते. बारक्या, मूठ उगारू नकोस. माझं ऐक. ऐक रे माझं.

(लोखंडी खाटेच्या पायावर बाबांच्या बोटांच्या हाडांचे दोन टोले पडतात. बारक्याची मूठ वरच राहते, मग बाजूला जाते.)

बाबा : थांब म्हटलं की थांबायचं.

बारक्या : थांबलो.

बाबा : हात आहे माझा आत.

बारक्या : हो, बाबा.

ताई : श्वास घ्या, बाबा. हळू. पाठीला टेका, मी धरते. पाणी देऊ? घोट घ्या एक. सांडू दे, काही होत नाही.

बाबा : कुणाचं पोर आहे हे? रडतंय का?

ताई : घाबरलंय.

बाबा : नवं आहे. सवय नाही. घण बाजूला घेतला पण. तेवढं जमलं त्याला.

ताई : जमलं ना?

बाबा : बरं जमलं.

बारक्या : ताई, हे हात बघ. मी त्यांना मारून टाकत होतो. मला दिसत होतं सगळं, त्यांचे डोळे दिसत होते आणि हात माझं ऐकत नव्हता.

ताई : मला सांगतोस?

बारक्या : तू भिंतीचं सांगत होतीस तेव्हा मनात म्हटलं, ही असं करूच कशी शकते. खरं सांगतो, घाण वाटली तुझी. थोड्या वेळापूर्वीची गोष्ट.

ताई : वाटणारच. मला रोज वाटते. कानातून रक्त येतंय तुझ्या, हा मोजा धर दाबून. धुतलेला आहे.

बारक्या : तुझं मनगट बघू. बोटं हलतात का?

ताई : हलतात. मोडलं नाही, मुरगळलंय. फोन वाजतोय तुझा.

बारक्या : गाडीवाले असतील.

ताई : घे की मग.

बारक्या : काय सांगू त्यांना?

ताई : मला नको विचारू. बोलवताना विचारलं नव्हतंस.

बारक्या : आता विचारतोय.

ताई : मी एकटी असेन तर गाडी येऊ दे. त्यांना बांधू दे. मला दुसऱ्यांदा त्या भिंतीपाशी उभं राहायचं नाही. मी एकटी नसेन, तर आज नको. झालं माझं सांगून.

बारक्या : हॅलो. हो, मीच बोलवली. कोपऱ्यावर आहात ना? तिथूनच परत फिरा. नाही, पत्ता चुकला नाही. पेशंट आहेत इथेच. आज नको एवढंच. खेप फुकट गेली त्याचं मी येऊन बघतो. परत लागली तर कळवीन.

ताई : लागेल.

बारक्या : माहीत आहे.

ताई : आज ना उद्या लागेलच. ते बरे होणार नाहीत, बारक्या. ऐरण आणली तरी होणार नाहीत. एक दिवस तिचाही आवाज ओळखणार नाहीत.

बारक्या : संध्याकाळी घेऊन येतो. आणि मी इथेच झोपत जाईन, भट्टीच्या खोलीत. दुकान इथून उघडायला काय, थोडं लवकर निघायचं. घरात सांगतो मी.

ताई : बायको काय म्हणेल?

बारक्या : म्हणेल ते ऐकून घेईन. तिचा बाप असता तर मी तिला असं जाऊन राहू दिलं असतं का, ते मला विचारू नकोस.

ताई : नाही विचारत. तुला घोरायची सवय आहे अजून?

बारक्या : आहे.

ताई : मग झालंच. दोघं मिळून छप्पर उडवाल.

बाबा : काम बंद का आज?

ताई : ऐरण नाही, बाबा.

बाबा : कुठं गेली?

बारक्या : मी नेली.

ताई : गप्प बस ना, पुन्हा पेटतील.

बारक्या : पेटू दे. मी नेली, बाबा. विचारलं नाही कुणाला. भिंतीआडून तुमचा आवाज येत होता, तरी नेली.

बाबा : तू नेलीस.

बारक्या : हो.

बाबा : किती जणांनी उचलली?

बारक्या : एकट्यानं. कलती करून टेम्पोत चढवली.

बाबा : पाठ गेली असेल.

बारक्या : गेली.

बाबा : जाणारच. का रे, घरी कुणी नाही का तुझ्या?

बारक्या : बहीण आहे.

बाबा : मग तिला हाक मारायची, बाळा. ऐरण एकट्यानं उचलतात का कधी.